तापणारं घर, ओल्या भिंती आणि कोंदलेली हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पंचवीस वर्षं जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर राहतो. आधी स्वतःच्या घराची दुरुस्ती केली, मग नातेवाइकांची, मग त्यांच्या शेजाऱ्यांची. तेव्हापासून फोनवर प्रश्न येत राहतात आणि ऋतूप्रमाणे बदलतात: मार्च ते मे उकाडा आणि बिल, जून ते सप्टेंबर ओल, दिवाळीनंतर गिझर आणि धुरकं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हातात पैसे मोजके आहेत. सुरुवात कुठून करू?

जिवाला धोका असेल तिथून. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर बाकीचं राहू द्या, आधी प्रश्न १३ वाचा.

त्यानंतर ओल. ओल्या भिंतीवर केलेला कुठलाही खर्च वाया जातो. मग ऊन बाहेरच्या बाहेर अडवणं, मग पंखे, आणि सगळ्यात शेवटी एसी, प्युरिफायर किंवा सोलर. लोक नेमका उलटा क्रम धरतात, कारण यंत्र दुकानात मिळतं आणि सावली मिळत नाही.

हे ठरवण्याआधी वर्षभराची बिलं घेऊन बसा. रुपये बघू नका, युनिट बघा. फेब्रुवारीत १४० आणि मेमध्ये ३३० युनिट असतील, तर मधले १९० तुमच्या उकाड्याचे. फेब्रुवारीतच ३०० असतील तर दोष उन्हाळ्याचा नाही. मग जुना फ्रिज, गिझर, पंप यांच्याकडे बघायचं.

२. १०० युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल महाग दराने लागतं, हे खरं का?

नाही. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत, आणि प्रत्येक टप्प्याचा दर त्या टप्प्यातल्या युनिटांनाच लागतो. ३१० युनिट झाले तर पहिले शंभर पहिल्या दराने, पुढचे दोनशे दुसऱ्या दराने आणि फक्त शेवटचे दहा तिसऱ्या दराने.

याची दुसरी बाजू कामाची आहे. वाचवलेला युनिट नेहमी वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातून कमी होतो. बचतीचा हिशोब करताना बिलाची सरासरी धरू नका, शेवटच्या टप्प्याचा दर धरा.

एक युनिट म्हणजे हजार वॉट तासभर. दहा वॉटचा सेट टॉप बॉक्स रात्रंदिवस चालू राहिला तर महिन्याला ७.२ युनिट जातात. कोणी टीव्ही बघो न बघो.

३. बीएलडीसी पंख्याने खरंच फरक पडतो का? दुकानदार महागडं विकायला बघतोय असं वाटतं.

या यादीत मी डोळे झाकून सुचवतो अशी ही एकच वस्तू. साधा छताचा पंखा पूर्ण वेगाने ७० ते ८० वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रशविना चालणाऱ्या मोटरचा, साधारण ३० वॉट. पंखा रोज १५ तास चालतो असं धरा. एका पंख्यामागे ४५ वॉट गुणिले १५ तास गुणिले ३० दिवस, म्हणजे महिन्याला सुमारे २० युनिट. घरात चार पंखे असतील तर ८०. बहुतेक मध्यमवर्गीय घरांत एवढी बचत दुसरं कुठलंच यंत्र देत नाही, कारण एसी दोन महिने चालतो आणि पंखा दहा.

बसवताना दोन गोष्टी सांभाळा. जुना रेग्युलेटर काढून टाकायचा. बीएलडीसीचा वेग रिमोटने बदलतो आणि जुन्या रेग्युलेटरवर तो घरघरतो किंवा मोटरचं सर्किट जळतं. आणि रिमोट हरवतो, हे गृहीत धरूनच पंखा निवडा. भिंतीवरच्या बटणाने वेग बदलता येणारे प्रकार मिळतात.

सगळे एकदम बदलायचे नसतील तर हॉलचा आणि झोपायच्या खोलीचा आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला जुना राहू द्या. तुमच्या घरी अजून खोक्यासारखा मोठा, गरम होणारा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू ठेवून फारशी वीज वाचत नाही, उरलेली त्या खोक्यात तापत असते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचं तसं नाही.

४. आमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर आहे. रात्री अकरालासुद्धा छत तापलेलं असतं. एसीशिवाय काही इलाज?

आहे, आणि तो खोलीत नाही, गच्चीवर आहे.

काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि काही तास उशिरा खाली सोडतो. म्हणून सहा वाजता बाहेर झुळूक सुरू होते आणि तुमच्या खोलीची भट्टी तेव्हाच पेटते. पंखा लावला की तो छताजवळची गरम हवा डोक्यावर ओततो. एसीसुद्धा अर्धी रात्र माणसांसाठी नाही, स्लॅब गार करण्यासाठी चालतो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा थर. मे महिन्यात दुपारी दोनला आमच्या गच्चीवर मी अर्धा भाग रंगवून बघितला होता. काळपट कोब्यावर अनवाणी पाऊल ठेवताच उचललं, पांढऱ्यावर आरामात उभा राहिलो. खोलीत फरक दोन ते पाच अंशांचा पडतो. दोन म्हणजे थोडे वाटतील, पण रात्री झोप लागणं आणि न लागणं यांत तेवढंच अंतर असतं. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं.

त्याहून मजबूत उपाय म्हणजे स्लॅबच्या वर उष्णतारोधक फोमच्या पाट्या, त्यावर कोबा आणि फिकट टाइल. खर्च बराच जास्त, पण वॉटरप्रूफिंग नव्याने करायचंच असेल तर त्याच वेळी हे उरकावं. खालून फॉल्स सीलिंग करणं हा शेवटचा पर्याय. नुसत्या पीओपीने फारसं काही होत नाही. वर रॉकवूलचा थर असेल तर होतं, पण खोलीची उंची जाते आणि पंखा डोक्याशी येतो.

आपल्याकडे मराठवाड्यात माळवदावर आणि खानदेशात धाब्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा, तो याच कामासाठी. फ्लॅटमध्ये माती टाकता येत नाही, स्लॅबला ते वजन झेपणार नाही, तेव्हा कृपया कोणी टाकू नका.

५. गच्चीला चुना मारू की ते महागडं कोटिंग? आणि त्याने गळती थांबते का?

चुना एका उन्हाळ्याचा सोबती आहे. पावसाने धुऊन जातो, पण स्वस्त पडतो आणि गच्ची सोसायटीची असेल तर निदान प्रयोग म्हणून परवानगी मिळते. ॲक्रिलिक कोटिंग नीट लावलं तर काही वर्षं टिकतं.

नीट लावलं तर. आमच्याकडे रंगाऱ्याने घाईत शेवाळ न खरवडता, धूळ न धुता वरून मारलं. जूनच्या दुसऱ्या पावसात सालपटं निघाली, ती वाहत जाऊन पावसाच्या पाइपच्या तोंडाशी बसली आणि गच्चीवर घोट्याएवढं तळं साचलं. त्या दिवशी खाली हॉलमध्ये बादली लावावी लागली. म्हणून आधी घासणी, मग दोन दिवस कडक वाळवणी, मग भेगा भरणं, मग दोन हात. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात काम संपवा. वळवाचा काही भरवसा नसतो.

पांढरं कोटिंग म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. काही उत्पादनं दोन्ही करतात, पण कोबाच फुटला असेल तर वरचा रंग त्याला काय करणार? गळती आहे का ते आधी ओळखा (प्रश्न १०).

गच्ची तुमच्या डोक्यावर असली तरी मालकीची नसते. सोसायटीचा ठराव घ्या. कमिटीला सांगायला एक मुद्दा आहे: ऊन कमी बसलं की स्लॅब कमी ताणतो आणि भेगाही कमी पडतात. मला आत्तापर्यंत परवानगी मिळाली ती याच मुद्द्यावर.

६. पश्चिमेकडच्या खिडकीतून दुपारी आग येते. जाड पडदे लावले तरी खोली तापतेच.

कारण पडद्यापर्यंत पोहोचेस्तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि मग तोच खोली तापवतो. ऊन काचेच्या बाहेर अडवायला हवं. बांबूची चिक, हिरवी जाळी, कापडी छप्पर, छज्जा, खिडकीबाहेरच्या कठड्यावर वेल, काहीही चालेल. चिक बाहेरून टांगा आणि खाली दोऱ्या बांधा, नाहीतर वाऱ्यात आपटून शेजारी भांडायला येतील.

काचेवरची फिल्म हा दुसरा पर्याय. ऊन अडवते, पण उजेडही खाते. मग दिवसा दिवे लागतात.

दक्षिणेचं ऊन उन्हाळ्यात उंचावरून येतं, त्याला छोटा छज्जा पुरतो. पश्चिमेचं तिरपं आणि खालून येतं, म्हणून तिथे उभा आडोसा लागतो. बिल्डरने चारी बाजूंना सारखेच छज्जे दिले असतील तर त्यात तुमची चूक नाही.

७. घर पत्र्याचं आहे. वर काय टाकू?

लोखंडी पत्रा असेल तर वरून पांढरा रंग आणि पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून चटई, बांबू किंवा फोमचं छत. पत्रा आणि खालचं छत यांच्यामधली हवा दोन्ही टोकांनी बाहेर पडली पाहिजे, नाहीतर पोकळीचाच तंदूर होतो. छताच्या सर्वांत उंच भागात झरोका ठेवा, गरम हवा वर चढते. थर्माकोल स्वस्त पडतो, पण चुलीच्या किंवा शेगडीच्या घरात तो लावू नका. पेटायला वेळ लागत नाही आणि धूर विषारी असतो.

सिमेंटचा पत्रा असेल तर सावध. त्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि ते श्वासातून गेले तर फुप्फुसांचे गंभीर आजार होतात, कर्करोगसुद्धा. धड पत्रा वर असेल तोवर धोका कमी. धोका आहे तो कापताना, भोकं पाडताना, कोरडा घासताना. शेवाळ काढायचं तर पाणी मारून, मऊ ब्रशने. वरून रंग चालेल. त्यावर उभं राहू नका, दर पावसाळ्यात कोणीतरी त्यातून खाली पडतं.

८. एसी किती स्टारचा घेऊ? २४ वर ठेवला की वीज वाचते हे कितपत खरं?

स्टार मोजण्याआधी तुमचे तास मोजा. स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १६०० तासांच्या वापरावर काढलेले आहेत. समजा ३ स्टार आणि ५ स्टारमध्ये लेबलवर २०० युनिटचा फरक दिसतो. तुम्ही फक्त एप्रिल-मेमध्ये रात्री सात तास लावता, म्हणजे साधारण ४२० तास. मग तुमचा फरक २०० नव्हे, ५२ युनिट. त्यासाठी दहा हजार जास्त मोजायचे का ते तुम्ही ठरवा. दुकान किंवा दवाखाना असेल तर डोळे मिटून ५ स्टार घ्या.

स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. दहा वर्षांपूर्वीचा ५ स्टार आजचा ५ स्टार नाही. जुना एसी घेताना हे विसरू नका.

२४ चं म्हणाल तर हो. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. जानेवारी २०२० पासून नवे एसी मुळातच २४ वर सेट होऊन सुरू होतात. २६ वर ठेवून वर पंखा लावा, अंगाला तेवढंच गार लागतं. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, एसी तेवढ्याच जोराने चालतो, फक्त थांबत नाही.

आणि शेवटच्या मजल्यावर असाल तर आधी प्रश्न ४ चं काम करा. दीड टनाच्या जागी एक टन पुरेल.

९. एसी लावून झोपलो की सकाळी डोकं जड असतं. गॅस गळतोय का?

बहुतेक वेळा नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतो, हा गैरसमज फार पसरलेला आहे. तो खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. दहा बाय बाराची खोली, दारं-खिडक्या बंद, आत दोन माणसं. श्वासातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने, फटी अजिबात नसतील तर, हवेतलं त्याचं प्रमाण तासाला ७०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ७०० भाग) आसपास वाढतं. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या थोडं वर असतं. दोन तासांत १८०० पार. याने कोणी दगावत नाही, पण सकाळी डोकं जड होतं, जांभया येतात आणि खोलीला कोंदट वास येतो.

इथे वीज वाचवणं आणि चांगली हवा यांचं खरोखर जमत नाही, हे मान्य करून टाकावं. खिडकी बोटभर उघडी ठेवा किंवा बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवून खोलीचं दार किंचित किलकिलं ठेवा. बिल थोडं वाढेल. वाढू द्या. ही माझी कंजुषी थांबते अशी मोजकी जागा आहे.

घरात गॅस गिझर किंवा कोळशाची शेगडी असेल तर मात्र जड डोक्याकडे दुर्लक्ष करू नका. प्रश्न १३.

१०. भिंतीला ओल आहे. रंगारी म्हणतो वॉटरप्रूफ रंग मारू. मारू का?

थांबा. ओल कुठून येते हे कळल्याशिवाय मारलेला रंग म्हणजे जखमेवर बांधलेला चांगला रुमाल. सहा महिन्यांत पोपडे येतात.

डाग कधी वाढतो आणि कुठे आहे, एवढ्यावरून बरंच कळतं. बारा महिने ओला, छताला, आणि वर कोणाचं तरी बाथरूम: न्हाणी ट्रॅप किंवा नळाची लाइन. पावसानंतर दोन-तीन दिवसांनी उमटणारा, बाहेरच्या भिंतीला: बाहेरच्या प्लास्टरची भेग. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात: खिडकीच्या पाट्याचा उतार आत आहे किंवा चौकटीची फट उघडी आहे. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सरळ पट्टा आणि त्यावर पांढरी भुकटी: जमिनीतून चढलेली ओल आणि लोणा.

तरी कळत नसेल तर एक घरगुती परीक्षा. भिंत कपड्याने पुसून फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. समोर, खोलीच्या बाजूला असतील तर भिंत निर्दोष आहे आणि घरातल्या हवेतली वाफ गार भिंतीवर जमतेय. असं असेल तर गवंडी नको, एक्झॉस्ट हवा.

दुरुस्ती पाणी येतं त्या बाजूने करायची. बाहेरची भेग आतून बुजवून थांबत नाही, पाणी दुसरीकडून वाट काढतं. भिंत वाळायला किमान एक पूर्ण उन्हाळा द्या आणि तोवर त्यावर पुट्टी, वॉलपेपर किंवा कपाट काही आणू नका. खर्च कोणाचा, यावर भांडण होतंच. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. दोन फ्लॅटमधल्या गळतीचा खर्च संबंधित सभासदांनी करायचा.

११. कपाटामागे काळी बुरशी आली आहे. ब्लीच मारलं, परत आली.

येणारच, ओल तशीच आहे. आधी प्रश्न १०.

काढताना कोरडी घासू नका, कण घरभर उडतात. मास्क, हातमोजे, खिडकी उघडी, साबणाच्या पाण्याने ओली करून पुसा, फडकं फेकून द्या. ब्लीच आणि ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवा म्हणजे मागे हवा खेळेल. पावसाळ्यात कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालणं टाळता आलं तर बघा. मशीनमधून पिळून निघालेल्या कपड्यांतही दोन-तीन लिटर पाणी असतं आणि ते सगळं खोलीच्या हवेत जातं. इलाजच नसेल तर एकाच खोलीत, दार बंद करून, एक्झॉस्ट लावून. घरात कोणाला दमा असेल तर हे काम त्याला देऊ नका.

१२. चिमणी घेऊ की साधा एक्झॉस्ट पुरे? विनापाइपची चिमणी चालेल का?

रोज फोडणी, भाकरी, तळण असेल तर चिमणी घ्या, पण पाइप बाहेर नेणारी. विनापाइपची चिमणी गाळणीतून हवा फिरवून परत स्वयंपाकघरातच सोडते. तेल थोडं अडतं, वास थोडा कमी होतो. गॅसच्या ज्योतीतून सुटणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि वाफ मात्र तिथेच राहतात.

पाइप जितका आखूड आणि सरळ तितकं चांगलं, प्रत्येक वळण ओढ मारतं. बजेट नसेल तर ओट्याच्या वर, शक्य तितका उंच, नऊ इंची एक्झॉस्टसुद्धा पुष्कळ काम करतो. फक्त समोरून हवा यायला वाट हवी. सगळं बंद करून एक्झॉस्ट लावला की तो नुसता गरगरतो. आणि फोडणी झाल्यावर दहा मिनिटं चालू राहू द्या.

ज्योत निळी आहे ना, तेही बघत जा. पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे बर्नर तुंबलाय. गॅसही जास्त जातो आणि विषारी वायूही जास्त सुटतो.

१३. गॅस गिझर बाथरूममध्ये आहे. इतकी वर्षं काही झालं नाही. बदलायलाच हवा का?

हो. आजच.

गॅस जळायला प्राणवायू लागतो. बंद बाथरूममध्ये तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला मुद्दाम घातलेला वास गळतीचा असतो, या वायूचा नव्हे, म्हणून वास आला नाही यावर विसंबू नका. चक्कर येते, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडी उघडावी हे सुचण्याच्या आत माणूस खाली पडतो. दर हिवाळ्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत अशी बातमी येते.

“इतकी वर्षं” याचा अर्थ एवढाच की इतकी वर्षं खिडकीची एखादी काच निघालेली होती. मी एका घरी गेलो तेव्हा थंडीचा वारा येतो म्हणून आजोबांनी नुकताच व्हेंटिलेटरवर पुठ्ठा लावला होता, खिळे ठोकून, व्यवस्थित. गिझर बरोबर त्याच्या खाली.

गिझर बाहेर, मोकळ्या बाल्कनीत किंवा ड्राय एरियात (स्वयंपाकघरालगतच्या धुण्या-भांड्यांच्या उघड्या जागेत) हलवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. जमत नसेल तर विजेचा घ्या. भीती बिलाची असते, तर हिशोब करू: २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४२ पर्यंत तापवायला साधारण ०.४ युनिट. चार माणसांच्या चार बादल्या, दिवसाला १.६, महिन्याला ४८ युनिट. टाकीतून निसटणारी उष्णता धरून थोडे जास्त. अंघोळीच्या वीस मिनिटं आधी लावा, दिवसभर नको. गच्चीवर हक्काची जागा असेल तर सौर बंब उत्तम.

कोणी आत बेशुद्ध पडलं तर आधी दार-खिडकी उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. स्वतः आत रेंगाळू नका. रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं हाच प्रकार आहे.

१४. देवघरात रोज उदबत्ती, धूप असतो. तोही बंद करायचा का?

बंद करा असं मी माझ्या आईलाही सांगू शकलो नाही. एक उदबत्ती, खिडकीजवळ, दार उघडं असताना. धूप-कापूर सणावाराला. दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर दिव्यावर भागवा, देव समजून घेईल.

डासांच्या कॉइलबद्दल मात्र मी हट्टी आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असं आढळलं होतं. ती आपण मुलांच्या पलंगाखाली लावतो. खिडक्यांना जाळी लावा. एकदाच खर्च आणि खिडकीही उघडी ठेवता येते, जे बाकी अर्ध्या प्रश्नांचं उत्तर आहे.

१५. प्युरिफायर घ्यावा का? की घरात झाडं लावली तरी पुरतं?

झाडं जरूर लावा, पण हवेसाठी नको. हा समज नासाच्या १९८९ च्या प्रयोगातून आला, आणि तो प्रयोग लहान हवाबंद पेट्यांमध्ये झाला होता. घरात तेवढा परिणाम हवा असेल तर चालायला जागा उरणार नाही एवढ्या कुंड्या लागतील.

प्युरिफायर धुळीचे सूक्ष्म कण पकडतो, तेही खोलीच्या मानाने पुरेसा मोठा असेल तरच. दहा बाय बारा, उंची दहा फूट, म्हणजे १२०० घनफूट किंवा ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, १७० घनमीटरच्या आसपास हवा. जाहिरातीतला आकडा सर्वांत मोठ्या वेगाचा असतो, आणि त्या वेगाला होणाऱ्या आवाजात झोप लागत नाही. म्हणून एक माप मोठा घ्या. फिल्टर दरवर्षी बदलावा लागतो, त्याची किंमत आधी विचारा.

तो कार्बन डायऑक्साइड काढत नाही, कार्बन मोनॉक्साइड काढत नाही, ओल काढत नाही. बाहेर रस्त्याचं काम किंवा बांधकाम चालू असेल आणि घरात आजारी माणूस असेल तर घ्या. एरवी तेच पैसे जाळी आणि एक्झॉस्टवर घाला. नव्या प्लायवूडच्या किंवा रंगाच्या वासावरही त्याचा फार उपयोग नाही. तिथे काही आठवडे कपाटांची दारं आणि खिडक्या उघड्या ठेवणं हाच उपाय.

१६. खिडक्या नेमक्या कधी उघडायच्या? सकाळची हवा चांगली ना?

उन्हाळ्यात हो. विदर्भ-मराठवाड्यात तर सकाळी नऊ-दहाला सगळं बंद करून पडदे ओढायचे आणि ऊन कललं की उघडायचं, हे आजीला विचारलं तरी सांगेल.

हिवाळ्यात शहरात मात्र सकाळ फसवी असते. जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही, धूर-धूळ तिथेच अडकते. ऊन वर आलं की ती विरळ होते. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीत दुपारी उघडा. पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांचं, चोवीस तासांचं भारतीय मानक ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचं १५, म्हणजे ॲपवर हिरवा रंग दिसला तरी फार खूश होऊ नका.

पावसाळ्यात उघडीप असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या. ॲल्युमिनियमच्या दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीत कधीच अर्ध्याहून जास्त जागा उघडत नाही. नवी बसवणार असाल तर बिजागरीची घ्या.

१७. नागपूरला मामांकडे कूलरने गारेगार होतं. ठाण्यात तोच कूलर आणला तर चिकचिक. का?

कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. नागपुरात मेमध्ये पारा ४४-४५ वर आणि हवा इतकी कोरडी की पाणी पटकन उडतं. ठाण्याची हवा आधीच दमट, पाणी उडायला जागाच नाही. कोकण आणि मुंबईत कूलर नको.

नागपुरातही समोरची खिडकी उघडी हवी, ओली हवा बाहेर पडली पाहिजे. एसी आणि कूलर एकाच खोलीत लावू नका. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून घासा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

१८. सोलर बसवलं की हे सगळं करायची गरजच काय? बिल तर शून्य होतं.

एक किलोवॉटचे पॅनल महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतात आणि त्यांना शंभरएक चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पीएम सूर्यघर योजनेत, फेब्रुवारी २०२४ पासून, पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० अनुदान आहे. घर तीनशे युनिट खात असेल तर तीन किलोवॉट लागतील. पंखे बदलून आणि गच्ची पांढरी करून ते दोनशेवर आणलंत तर दोन पुरतील. त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

शिवाय पॅनल बसवल्यावर गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं म्हणजे सांगाडा काढणं आलं. आधी ते. आणि वीज गेली की बॅटरीविना असलेलं सोलरही बंद पडतं, हे विक्रेता सहसा शेवटी सांगतो.

१९. भाड्याचं घर आहे. मालक एक खिळा ठोकू देत नाही.

पंखे तुमचे लावा आणि जाताना जुने परत चढवून तुमचे न्या. चिक दोरीने बांधता येते. वेल्क्रोची जाळी, फ्रिजच्या दाराचं रबर, एसीची जाळी धुणं, यातल्या कशालाच परवानगी लागत नाही. रबर तपासायला दहाची नोट दारात अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर गेलं. ओल आणि गॅस गिझर मात्र मालकाचं काम. फोटो काढून लेखी कळवा.

२०. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो घराच्या सगळ्या फटी फोमने बुजव, बिल निम्मं होईल.

त्याच्या घरासाठी तो बरोबर बोलतोय. तिथे हिवाळ्यात बाहेर उणे तापमान आणि आत वीस अंश, फटीतून पैसे देऊन तापवलेली हवा जाते. शिवाय तिथल्या चांगल्या सीलबंद घरांत हवा बदलायला वेगळं यंत्र बसवतात. व्हिडिओत फोम दिसतो, ते यंत्र दिसत नाही.

आपल्याकडे आठ-नऊ महिने खिडक्या उघड्या असतात. एसीच्या एका खोलीपुरती दाराखालची फट ब्रशच्या पट्टीने बंद करा. स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या फटींना हात लावू नका.

२१. गिझर तुम्ही म्हणता तसा ड्राय एरियात हलवला. नवी मोठी चिमणीही घेतली. आता काळजी नाही ना?

एक तपासणी राहिली. मोठी चिमणी तासाला हजार घनमीटरच्या घरात हवा बाहेर फेकते. खिडक्या बंद असतील तर तेवढी हवा ती मिळेल तिथून ओढते, आणि ड्राय एरियाची खिडकी ही बऱ्याचदा सर्वांत सोपी वाट असते. म्हणजे बाहेर सोडलेला गिझरचा धूर चिमणीच घरात परत आणते. ड्राय एरिया अरुंद आणि वरून झाकलेला असेल तर जास्तच.

चिमणी पूर्ण वेगाने लावा, घर बंद करा, ड्राय एरियाच्या खिडकीशी पेटलेली उदबत्ती धरा. धूर आत वळला तर तुमच्या घरी हे घडतंय. मग चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची दुसरी खिडकी उघडीच ठेवायची, सकाळच्या अंघोळी आणि डब्याची घाई एकाच वेळी असते तेव्हा तर नक्कीच. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, तो झोपायच्या खोलीबाहेर लावा. आणि ड्राय एरियावर कोणी पावसाळ्यासाठी प्लास्टिक बांधलं असेल तर ते आधी सोडा.